कुंडीत ओतलेलं दूध

बाळाचे बाबा,

खिडकीतल्या कुंडीला मुंग्या का लागल्यात, ते आज सकाळी पाणी घालताना कळलं. मातीला आंबलेल्या दुधाचा वास येतोय. मी कामावर शिलाई मशीन थांबवून, कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे बसून काढून आणलेलं अंगावरचं दूध तू कुंडीत ओततोस, बाळाला डब्याचं पाजतोस आणि मला सांगतोस, "सगळं प्यायला हं!"

डब्याच्या दुधावर माझा राग नाही, खोटेपणावर आहे. माझ्या बाळंतपणानंतरच्या उदासीवरच्या गोळ्या चालू असताना अंगावर पाजलं तरी चालेल, असं डॉक्टरबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं. बाळ फारच झोपाळू झालं, नीट पीत नसेल, तर लगेच दाखवा म्हणाल्या. तेव्हा नंदीबैलासारखी मान डोलावलीस. शंका होती तर तोंड उघडायचं होतंस!

वर काल म्हणतोस, "आता बरी आहेस, बंद कर गोळ्या." अरे शहाण्या, बरी आहे ती गोळ्यांमुळेच! डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय मी एकही गोळी चुकवणार नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे, बाळ रडून लाल झालं तरी उठवत नव्हतं, ते दिवस विसरलास? मला हाताला धरून दवाखान्यात तूच नेलं होतंस ना?

आजचं दूध फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात आहे. कोमट करून पाज. संध्याकाळी तिघंही दवाखान्यात जाऊ, काय विचारायचं ते तिथे विचार.

तोवर एवढं लक्षात ठेव, आपलं मूल पाळण्यात आहे, कुंडीत नाही.