रगात खोटं बोलत न्हाई

तीर्थरूप आप्पांना सुहासचा सांगलीहून साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. व्यसनमुक्ती केंद्रात जेवण चांगलं मिळतं, भाकरी तेवढी आपल्यासारखी नसते. आईचा गुडघा कसा आहे? लिंबाच्या झाडांना पाणी पुरतंय का?

मागच्या रक्त तपासणीत लिव्हरचा तो आकडा वाढलेला निघाला, पिणाऱ्याचा वाढतो तो. तुम्ही म्हणालात, "मानूस खोटं बोलतो, रगात खोटं बोलत न्हाई." आणि माझ्या लेकीला, अनन्याला, फोन न देताच ठेवून दिलात. मी दारूला शिवलो नव्हतो. मनाच्या आजाराच्या गोळीनंही तो आकडा चढतो, असं डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं. पूर्वी तुम्ही दारातच माझं तोंड हुंगायचात, तेच बरं होतं. वास नसला की आत तरी घ्यायचात.

म्हणून मी गोळी गिळणं सोडलं. जिभेखाली धरतो आणि मोरीत थुंकतो. डॉक्टरांना माहीत नाही.

नवा रिपोर्ट सोबत जोडलाय. आकडा खाली आलाय, बघा.

झोप मात्र गेली. ज्याच्या भीतीनं मी प्यायला लागलो, ते काळं पुन्हा छातीवर येऊन बसतं. सकाळी अंथरुणातून उठवत नाही. पण रक्त स्वच्छ आहे, आप्पा.

रविवारी फोन करीन. अनन्याला द्या. या रविवारीच द्या, पुढच्याचं मला सांगता येत नाही.

तुमचा,
सुहास