पोलादी जाकिटाची शिवण

मामा, काल हे पोलिसातून रिटायर झाले. लातूरला हार घातले, शाल दिली, नारळ दिला. आता बाहेर बसून तोच पेपर तिसऱ्यांदा वाचत आहेत, हात, पाय, छाती सगळं जागच्या जागी. इतक्या वर्षांत काल मी पहिल्यांदा निवांत झोपले. ही गोष्ट तुम्हाला, माझ्या सासऱ्यांना, सांगावी असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

नांदेडच्या पोलिस मुख्यालयाचे तुम्ही शिंपी. लग्न होऊन आले तेव्हा मशीन मला तुम्हीच शिकवलंत, पण बोलायचं मात्र सासूबाईंमार्फत. हातभर अंतरावर बसून तुम्ही म्हणायचात, "तिला सांगा, टाका लांब पडतोय," आणि सासूबाई स्वयंपाकघरातून तेच मला ओरडून सांगायच्या. मला हसू आवरायचं नाही. मग तुमच्या साहेबांनी ते काम काढलं, गोळी अडवणारं जाकीट. तयार मिळायची सोय नव्हती. लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे पोलादी तुकडे कापून दिले आणि ते जाड कॅनव्हासच्या कप्प्यांत बसवून शिवायचे होते. पहिलं जाकीट यांच्याच अंगावर चढणार होतं, त्यामुळे माझा जीव त्या कापडात अडकलेला.

तुम्ही तुकडे कडेला कड लावून बसवत होता. शिंप्याचा हात तो, कुठे फुगवटा दिसला की तुम्हाला अन्न गोड लागायचं नाही. मला मात्र दोन तुकड्यांमधली फटच दिसायची. एका दुपारी मी डाव्या बाजूचे तुकडे एकमेकांवर चढवून शिवले. तुम्ही हात फिरवलात आणि भडकलात, "तिला म्हणावं, पोलिसाचं जाकीट हाय हे, कौलाचं छप्पर न्हाई. उसव म्हणावं समदं!" मी उसवलं. सासऱ्याला उलटून बोलणारी सून आमच्यात नव्हती, आणि पहिली व्हायचं धाडस मला झालं नाही. नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता तरी झालं नाही, याची मला आजही चीड येते.

ते जाकीट वाळूच्या पोत्याला घालून मैदानावर गोळी झाडली. ती बरोबर दोन तुकड्यांच्या मधून गेली. तुम्ही घरी येता, चप्पल काढायचं विसरून तसेच आत येऊन बसता, आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून म्हणता, "तुझंच खरं हाय, बाई. आता तू सांग, म्या शिवतो." तुकडे एकमेकांवर चढवलेल्या दुसऱ्या जाकिटाचा पत्रा गोळीने नुसता वाकला. तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी हिमायतनगरकडे एका दरोडेखोराने यांच्यावर गावठी कट्टा चालवला. तेच जाकीट अंगात होतं; छातीवर काळानिळा डाग उठला, एवढंच. मी त्यावर आठ दिवस हळद लावली. हे तुम्हाला कळायला हवं होतं.

एक मात्र कधी सांगितलं नाही. पहिल्या जाकिटातून गोळी गेली त्या दिवशी तुमचा चेहरा बघवत नव्हता. मी पाणी आणते म्हणून आत गेले ती लवकर आलेच नाही. रडत असेल, असं तुम्हाला वाटलं असणार. मामा, मी तोंडात पदर कोंबून हसत होते. गोळी वाळूत शिरली होती आणि हे दारात धडधाकट उभे होते. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुमची मान खाली गेली त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.