तपासणीच्या खोलीतलं कपाट

वृषाली मॅडम,
जय भीम.

म्या आबाराव. साखर कारखान्यात टर्बाइनवर होतो, औंदा निवृत्त झालो. दर हंगामाच्या आधी तुम्ही आमचे कान तपासता. हेडफोन लावून, तुमच्याकडं पाठ करून बसवता अन् आवाज आला की बोट वर करायला सांगता. सात वर्षं म्या पास झालो. खरं सांगतो, त्यो आवाज मला कधीच आला न्हाय. समोरच्या कपाटाच्या काचेत तुमचा अंगठा दिसतो. अंगठा बटणावर टेकला की म्या बोट वर करायचो. कान गेलेल्या माणसाला टर्बाइनवरून काढून गेटवर बसवतात, अन् मला ते मशीन सोडवत नव्हतं.

माझ्यापुरतं असतं तर गप बसलो असतो. पण माझा पोरगा प्रेमानंद पाच वर्षांपासून तिथंच हाय. कानात बुचं घालत न्हाय, म्या तरी कुठं घालत होतो? कपाटाची युक्ती बी त्याला म्याच शिकवली. परवा अंगणात त्याला मागून हाक मारली. सून घरातून पळत आली. त्यानं मान बी वळवली न्हाय.

सोमवारी त्याची तपासणी हाय. त्याला काई विचारू नका. तेवढं कपाट हलवा.

तुमच्याशी खोटं वागलेला,
आबाराव

ता. क. सोमवार होऊन गेला, पत्र खिशातच राहिलं. प्रेमानंद पास झाला. घरी येऊन हसत सांगत होता. म्या त्याच्या ओठांवरून वाचलं.