काचेपासून दोन इंच

४ जून, रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काचेच्या टाकीतली तुझी छत्री नऊ दिवस झाले मिटून बसली आहे. टाकीचा दिवा लावला की पूर्वी तासाभरात तिचे सगळे तुरे बाहेर यायचे, आता नुसतं चामडं दिसतं. वर मेणासारखा थर चढलाय आणि समोरच्या काचेकडची कड तपकिरी पडली आहे. आई तिला अजून झाडच म्हणते. ते छत्रीच्या आकाराचं मऊ पोवळं आहे, म्हणजे प्राणी, हे तू वीस वेळा सांगून गेलास, पण अर्धांगाच्या झटक्यानंतर आईच्या जिभेवर जेवढे शब्द उरलेत त्यात पोवळं काही बसत नाही.

मी वेंधळेपणा केलेला नाही, आधीच सांगते. पाणी आटलं की गोडंच भरते, खारं नाही. सकाळी आधी टाकी, मग आई, मग गिऱ्हाइकांचं शिवण, असा माझा क्रम आहे. तू तिकडे कारखान्यात अख्खा समुद्र गाळून गोडा करतोस आणि मी इथे बादलीत मीठ कालवून समुद्र करते, अशी आपली वाटणी झाली आहे. हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण फोन लावला की आई तो कानाशी धरून हं हं करते, तिकडे तू हुंदके देतोस आणि कामाचं राहूनच जातं. म्हणून तर आपण कागदावर आलो.

आज रविवार, तेव्हा माप झालं. आईचं अंग लुळं पडून तीन महिने झाले होते, तेव्हा तू तिच्या उशाशी बसून सांगितलंस की छत्रीची कड काचेला टेकायच्या आत मी परत येतो, फार तर दोन वर्षं. तिची खाटही तूच टाकीसमोर लावलीस. तेव्हापासून दर रविवारी ती माझ्या गळ्यातल्या टेपकडे बोट दाखवते, मी बाजूच्या काचेवर टेप धरते आणि अंतर मोठ्यानं सांगते. तू गेलास तेव्हा आठ इंच होतं. आज दोन. या जुलैत तुला जाऊन चार वर्षं होतील. दिवसभर ती दुसरीकडे बघत नाही रे. छत्रीला काही झालं तर तिला काय सांगू, ते आधी कळव.

आईचा आशीर्वाद आहे. माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा जपून वापर.

तुझी,
ठमी


१८ जून

चि. ठमीस,
अ. आ.

घाबरून जाऊ नकोस. मेणासारखा थर म्हणतेस म्हणजे ती कात टाकत असणार. छत्री अधूनमधून असा दहापंधरा दिवसांचा रुसवा धरते. पंपाचं तोंड तिच्याकडे वळव, पाण्याचा झोत लागला की थर आपोआप सुटेल. जागा हलवू नकोस, सारखी बोटं घालू नकोस आणि काही झालं तरी कात्री लावू नकोस. तुम्हा शिवणाऱ्यांचे हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे. मिठाचं प्रमाण आणि पाण्याचं तापमान रोज वहीत लिही, दिव्याचे तास मोज, तळाशी काही सडलंय का बघ, टाकीतल्या खेकड्यावर लक्ष ठेव. आईला औषधं वेळच्या वेळी दे.

दोन इंच आहेत हे बरं आहे. खरं सांगू का, मागच्या वर्षी तू अर्धाच इंच उरलाय असं लिहिलंस तेव्हा मी धास्तावलो होतो. पुढच्या पत्रात माप चुकलं होतं, दोन इंच आहे, असं आलं आणि मी सुटलो. हे प्राणी कधीकधी वाढ थांबवतात, त्यात काळजीचं काही नाही.

एक सांगायचं होतं. करार आणखी एक वर्ष वाढवलाय. सध्या कारखान्यातल्या पाळीचा मुख्य मीच, सोडायलाच तयार नाहीत. आईला एवढ्यात बोलू नकोस. तिचा कागद नेहमीसारखा वेगळा जोडलाय, तेवढाच वाचून दाखव.

तब्येतीला जप, आणि भावावर डोळे वटारणं जरा कमी कर.

तुझा,
दादा


२ जुलै, रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पंप वळवला. तिसऱ्या दिवशी थर सुटून पाण्यात तरंगायला लागला, कांद्याच्या पातळ सालीसारखा. चौथ्या दिवशी मागच्या बाजूचे तुरे उघडले. आईनं आनंदानं चांगल्या हातानं खाटेवर थापा मारल्या. मलाही वाटलं, जिंकलो.

पण समोरची कड काळी पडत चालली आहे. हात लावला तर बुळबुळीत लागते आणि पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. बाकी कडेला कशा घड्या घड्या असतात, समोर तसं नाही, कापडाच्या काठासारखी सरळ आहे, आणि सडतंय ते तिथूनच. तू मागितलेले आकडे मागच्या पानावर आहेत, सगळे ठीक आहेत. मग हे कशामुळे, तूच सांग.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. छत्रीसाठी डझनभर सूचना आणि आईसाठी एक. कराराचं वाचलं. मला आता राग येत नाही, पत्र उघडायच्या आधीच येऊन गेलेला असतो. आई महिनाभर अर्धीच भाकरी खाते. दिवा लागून छत्री दिसेपर्यंत तोंडच उघडत नाही. तिला पाळीबिळीतलं काही कळत नाही, तिला काचेपर्यंतचं अंतर कळतं.

लवकर उत्तर दे. माया पातळ करू नकोस.

तुझी,
ठमी


१४ जुलै

चि. ठमीस,
अ. आ.

सरळ कड आपोआप होत नाही. ती कुणीतरी कापलेली आहे, आणि घरात कात्री धरणारा एकच हात आहे. का केलंस? बारा वर्षांपूर्वी बाबांनी जाण्याआधी त्यांच्या छत्रीचा अंगठ्याएवढा तुकडा माझ्या हातावर ठेवला होता. डोळ्यांत तेल घालून वाढवला मी तो. तुझ्या हवाली केला, तर ही कळा! तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

आता रडत बसू नकोस, सांगतो तसं कर. काळं झालेलं सगळं काढ, आत स्वच्छ पांढरं मांस लागेपर्यंत. सगळंच गेलं असेल तर निदान अंगठ्याएवढा निरोगी तुकडा वाचव. टाकीच्याच पाण्यात आयोडीनचे थेंब टाकून त्यात दहा मिनिटं बुडव. गोंद मऊ पोवळ्याला धरत नाही, म्हणून नायलॉनच्या दोऱ्यानं दगडाला टाके घाल, ते तुला माझ्यापेक्षा चांगले येतात. कापल्यावर तिच्यातून विष सुटतं, त्यासाठी कोळशाची पिशवी पाण्यात ठेव. इथल्या माझ्या टाकीत गेल्या वर्षी अशीच एक कड सडली होती, ती याच उपायानं वाचली, तेव्हा होईल ठीक.

आईला सांभाळ. रागावलो असलो तरी तू माझीच आहेस.

तुझा,
दादा


३० जुलै, रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि. हे सवयीनं लिहिलं गेलं.

होय, मीच कापली. पाच वेळा. गेल्या वर्षी मार्चात अर्धा इंच उरला, ते माप खरं होतं. त्या आठवड्यात आईनं मला केस विंचरायला लावले, तुझं अंथरूण उन्हात टाकायला लावलं, आणि दारात कुणाची चाहूल लागली की मान वळवायची. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, करार वाढवल्याचं. काय करायला हवं होतं मी? दुपारी तिचा डोळा लागल्यावर दिवा मालवला, बाही सारली आणि कपडे बेतायच्या कात्रीनं दीड इंच कड उतरवली. दोन दिवस बोटांची आग होत होती. रविवारी तिला सांगितलं की मागचं माप चुकलं, दोन इंच आहे. पुढे दर तीन महिन्यांनी कड वाढली की पुन्हा तेच. एक जखम भरते न भरते तोवर दुसरी, म्हणून सडली ती. तुझ्या शब्दाला सव्वा वर्ष अस्तर लावत होते मी, आणि तू मला माझ्या हाताचं वळण दाखवतोस!

आता तुझ्या टाकीचं. टाकी मांडायची तर पाच वर्षं जागचं हलायचं नाही, हे तूच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचास. तिकडची छत्री गेल्या वर्षी कड सडण्याइतकी मोठी होती, म्हणजे टाकी तू गेल्या गेल्याच मांडलीस. निघताना तुझ्या पिशवीत झाकणाचा डबा होता. मी विचारलं तर पाण्याचा नमुना आहे म्हणालास. तो तुकडा होता ना रे? आईला दोन वर्षं सांगितलंस आणि घराबाहेर पडलास तो डबा घेऊन! मला पोवळ्यातलं काही कळत नाही, पण एवढं कळतं.

सांगितलंस तसं केलं. बारा वर्षांतलं अंगठ्याएवढं उरलं. दगडाला चार टाके घातले, नीट आलेत. मागच्या काचेशी, झोत कमी असतो तिथे ठेवलाय. टाकीवर चादर टाकली आणि आईला म्हटलं की औषध घातलंय. ती चादरीकडे बघत बसते.

ठमी


१३ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. डब्यात तो तुकडाच होता. परत यायचं नाही असं मी कधी ठरवलं नाही ग, फक्त यायचंही ठरवलं नाही. आईचं ते वाकडं झालेलं तोंड बघून मला उभं राहवत नव्हतं. तू रोज तिच्यापाशी असतेस, तुला सवय झाली. मला भीती वाटते, आजही. भित्रा म्हण, हवं ते म्हण.

पण यातलं काही आईला सांगू नकोस, तिला सोसायचं नाही. तिच्या कागदावर लिहिलंय की छत्री छान आहे असं ठमीनं कळवलं, अजून दोन इंच आहेत, आणि मी येतोच आहे. तेवढं वाचून दाखव, माझ्यासाठी नको तर तिच्यासाठी. तुकड्यानं दगड धरला की दोरा काढ.

माझ्यावर लोभ कर असं म्हणायला तोंड नाही.

दादा


२७ ऑगस्ट, रविवार

दादास,

तुझा कागद वाचून दाखवला. छत्री छान आहे इथपर्यंत आले आणि आई हसायला लागली. एकाच बाजूनं हसते ती. मग तिनं चादरीकडे बोट दाखवलं. मी ती काढली. पुढची जागा रिकामी आणि मागे दगडावर तेवढासा तुकडा. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

माझ्या गळ्यातला टेप तिनं ओढून घेतला. एकेक शब्द जुळवायला तिला अर्धा तास लागला, मी तुला एका दमात सांगते. ती म्हणाली की माप घ्यायला मला तिनंच शिकवलं, आणि दीड इंचानं चुकणारी पोर तिनं तयार केली नव्हती. त्या मार्चातच तिला सगळं कळलं होतं. तू येत नाहीस हेही तेव्हाच कळलं. गप्प बसली ती माझ्यासाठी. एवढ्या खटपटीनं मला समाधान मिळतंय तर मिळू दे, असं तिला वाटलं. मी तिला सांभाळत होते आणि ती मला, आणि दर रविवारी दोघी मिळून तुला.

मग तिनं नव्या तुकड्याचं माप विचारलं. मोजलं. समोरच्या काचेपर्यंत अकरा इंच भरलं. टेकायला किती वर्षं लागतील असं विचारलं. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं, बारा म्हणाले. तिनं बोटांवर हिशेब केल्यासारखं केलं आणि सांगितलं की त्याला कळव, आता घाई करू नकोस.

नंतर खाट फिरवायला लावली. आता तिचं तोंड खिडकीकडे असतं. आज रविवार, पण टेपकडे बोट गेलं नाही. भाकरी मात्र अख्खी खाल्ली.

दोरा काढला. तुकड्यानं दगड धरलाय, चार तुरेही बाहेर आलेत. तो जगेल.

आईसाठी वेगळा कागद यापुढे जोडू नकोस. आम्ही वाट बघत नाही, सवडीनं लिही.

ठमी