डोक्याचा फोटो आणि माझी सही

लिहून ठेवते मी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, की आज माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून बसवलेले नाही. पार्किन्सनने उजवा हात थरथरतो, म्हणून मी सांगते आणि वकीलसाहेब लिहितात. मधूनच ते "हे नको घालायला" म्हणतात. मी म्हणते, घाला.

हा खटाटोप आत्ताच का, तेही सांगते. या आजाराच्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढून पुढे कोणाची बुद्धी ढासळेल हे आधी ओळखता येते का, असा अभ्यास मोठ्या दवाखान्यात चालू आहे. मीही नाव दिले. यंत्रात डोके उशांमध्ये गच्च बसवतात आणि कानाशी पत्रा ठोकल्यासारखा आवाज चालू. डॉक्टर पोरगी मात्र गुणाची. पडद्यावर दाखवत म्हणाली, "आजी, हा भाग पातळ झालाय. असे फोटो असणाऱ्यांची आठवण पुढच्या काही वर्षांत कमी होण्याची शक्यता जास्त असते. पण तुमचं तसंच होईल, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

मी म्हटले, "कळलं. कापड कुठे विरलंय ते दिसतं, कधी फाटेल ते नाही."

"अगदी बरोबर!" म्हणाली.

थोरल्याने, म्हणजे माझ्या मुलाने, अर्धेच ऐकले. दुसऱ्याच दिवशी मोबाईलच्या दुकानवाल्याला गिऱ्हाईक म्हणून घेऊन हजर. "आई, डोकं चालतंय तोवर दुकान विकून मोकळी हो. नंतर तुझी सही चालायची नाही." घ्या! मी समोर चहा पीत बसलेली, आणि हा आवराआवर करायला निघाला. धाकटी, माझी मुलगी, माझा हात गेल्यापासून तेच शिवणाचे दुकान एकटीने चालवते. ती मशीनवरून उठलीसुद्धा नाही, नुसती रडवेली झाली. मला ते फार लागले.

तर व्यवस्था अशी.

घर, आमचे हे गेले तेव्हाच, दोन्ही मुलांच्या नावे केले आहे. मी फुकट राहते, तेवढे चालू द्यावे.

बँकेतली ठेव माझ्या औषधपाण्यासाठी. उरली तर दोघांना निम्मी. ती काढायला दोघांच्याही सह्या लागतील, मी एकटीने काढू शकणार नाही, असे करून ठेवले आहे.

मोठी कात्री धाकटीला. तिने कोणालाही कागद कापू देऊ नये.

मी गिऱ्हाइकांचे कापड मारते, असे जाऊबाई जन्मभर सांगत आल्या. त्यांना कात्रणांचे सगळे पोते द्यावे. जोडून बघा म्हणावे, एखादे झबले तरी निघते का!

माझा मेंदू डॉक्टर पोरीला. फोटो खरे बोलत होता का, ते तिला बघू दे.

आता दुकान. वकीलसाहेब म्हणतात, नंतरचे मृत्युपत्र आधीचे रद्द करते. म्हणजे उद्याची विसरभोळी म्हातारी आजच्या मला पुसून टाकणार! ती कशी असेल ते मी ओळखून आहे. थोरल्याने "आई" म्हटले की विरघळेल आणि दाखवील तिथे सही करील. मीच आता कशीबशी तग धरते. म्हणून दुकान या कागदात नाहीच. काल बक्षीसपत्र नोंदवून ते धाकटीला दिले; ते आता माझ्या सहीनेही मागे फिरत नाही.

या कागदाची प्रत थोरल्याला आजच द्यावी. बाळा, चिडायचे असेल तर लवकर येऊन चीड, अजून तोडीस तोड उत्तर देईन. पुढे कदाचित मी तुला ओळखणार नाही, कोण आपण, म्हणून विचारीन. तेव्हा माझ्याकडे सही करण्यासारखे काहीच उरलेले नसेल. तरी येत जा. नुसता येऊन बसलास, तर ती म्हातारी कोणाची तरी आई आहे, एवढे तिला नक्की कळेल.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
दिनांक: वर शिक्क्यात आहे तो.

सही: केली. बारीक आणि वाकडी आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार पहिले: समोरचे चष्मेवाले. बाईंनी सगळे शुद्धीत सांगितले, मला दोनदा दटावलेही.

साक्षीदार दुसरी: डॉक्टर पोरगी. आजच तपासले. सही करताना रडत होत्या. कशावर सही करत आहेत, हे त्यांना पूर्ण ठाऊक होते.