दिवेलागणीचं विरजण

प्रिय नसरीन,

चिडूनच लिहायला बसले आहे, तेव्हा खुशाली आत्ता विचारत नाही. माझे खांदे दुखतात म्हणून लेकाने, आमच्या पियूषने, रवीला मोटार बसवली. आता बटण दाबलं की ताक माझ्या साडीवर, भिंतीवर, मांजराच्या अंगावर. लोणी म्हणशील तर गोळाच धरत नाही. या उन्हात ते तापतं आणि ताकातच पसरून जातं. पियूष म्हणतो, म्हशीचं दूध पातळ झालं. नाचता येईना अंगण वाकडं. म्हैस तीच, वैरण तीच.

परवा मोटार काढून टाकली आणि रवीला जुनी दोरी गुंडाळली. समोर यांना बसवलं. हे बैलाचा कासरा ओढावा तशी दोरी ओढतात, माठ फुटायचाच राहिला. तू समोर बसायचीस तेव्हा तुला कधी काही सांगावं लागलं नाही. घुसळण्याचा आवाज जड झाला की तूच गार पाण्याचा तांब्या ओतायचीस आणि म्हणायचीस, "रजने, हळू व, लोणी येऊन राह्यलं." दोन्ही घरची साय एका माठात, पण वाटणीवरून आपलं एकदाही बिनसलं नाही.

बिनसलं ते विरजणावरून. तुम्ही पुसदला निघालात त्याच्या आदल्या दिवशी, तुझ्या लेकाच्या, अब्रारच्या गॅरेजचं सामान टेम्पोत भरता भरता संध्याकाळ झाली आणि तू रिकामी वाटी घेऊन आलीस. मी म्हटलं, दिवे लागले, आता विरजण दिलं तर घरची बरकत जाते. तू रिकामीच वाटी घेऊन परत गेलीस. दहा महिने तुझा फोन नाही, आणि मीही हट्टाने केला नाही.

परवा दोरी ओढता ओढता यांनीच आठवण करून दिली. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, घरात विरजणाचा थेंब नव्हता. तुझ्या सासूबाई, सुग्राबी, वाटी भरून घेऊन आल्या होत्या, आणि तीही दिवेलागणीलाच. तेच विरजण मी सत्तावीस वर्षं लावते आहे. तुमच्याच घरचं, आणि मी तुलाच नाही म्हटलं. मला फार लाज वाटते गं. उगीच मोटारीवर आणि पियूषवर ओरडत बसले.

फोन लावायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र. यष्टीत विरजण पाठवलं तर वाटेतच सांडेल. तू ये. सकाळी नको, संध्याकाळच्या गाडीने ये. मी आधी दिवा लावीन, मग तुझी वाटी भरीन.

तुझीच,
रजनी