हेवीचं लायसन्स

पप्पा,

माझं हेवीचं लायसन्स आज पोस्टाने आलं. ट्रक चालवायची परवानगी, आणि फोटो माझा. तुम्हाला दर तीन वर्षांनी नवं करावं लागायचं, आता पाच वर्षं चालतं. हे सांगायला मी मागे वळले, आणि मग लिहायलाच बसले.

तुमच्या शेवटच्या मेडिकलला मी सोबत आलेले. साखरेने डोळ्यांचा पडदा खराब केलेला, तरी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून निघालेलात. डॉक्टरबाई भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगतात. सगळ्यात वरचं मोठं अक्षर तुम्ही वाचता, मग थांबता. "चष्म्याने नाही होणार हे, काका," त्या म्हणतात, आणि सही करत नाहीत. बाहेर एक एजंट मागे लागला. "टेन्शन नका घेऊ, दुसरा डॉक्टर आहे आपला. सही मिळून जाईल." घरात कमावणारे तुम्ही एकटे. तुम्ही त्याला म्हणालात, "अरे, कागदावर दिसेल रे मला. रस्त्यावर कसं दिसणार?" त्याच दुपारी शेठला ट्रकची चावी देऊन आलात. आईने ओट्यापाशी उभं राहून विचारलं, "आता?" तुम्ही म्हणालात, "आता वाढ." वाढलं तिने, पण तुम्ही ताट तसंच सरकवलंत.

पुढे आईने जेवणाचे डबे सुरू केले. तुम्ही चाचपडत लसूण सोलत बसायचात. एका रविवारी एकदम म्हणालात, "हिला गाडी शिकवू." शेजारच्या काकांचा टेम्पो, माझं शिकाऊ लायसन्स, पुढेमागे लाल एल. काका म्हणाले, "तूच बस की पोरीच्या बाजूला." तुम्ही खिडकीकडे सरकलात. "बाजूला लायसन्सवाला पाहिजे. नियम आहे. माझं संपलं." मोहने गावातल्या जुन्या कारखान्याच्या भिंतीकडेचा तो मोकळा रस्ता. "समोर काय आहे गं?" "बकऱ्या." "किती लांब?" "त्या खांबाच्या पुढे." "मग पाय आत्ताच उचल. बकरीला हॉर्न कळत नाही." काका हसतात, कितीतरी महिन्यांनी तुम्हीही हसता. मी दिसेल ते बोलत राहते, खड्डा, सायकलवाला, शाळेची पोरं, आणि तुम्ही डोळे मिटून ऐकता. तुमचा डावा हात मांडीवर गियर बदलत असतो.

माझं साधं लायसन्स हातात यायच्या आत तुम्ही गेलात. मग लग्न, पोरगी, शाळेची व्हॅन चालवणं, त्यात वर्षं गेली. शेवटी हेवीचं ट्रेनिंग घेतलं, मेडिकल झालं, कल्याणला टेस्ट दिली. रिव्हर्स घेऊन उतरले तेव्हा साहेबांनी विचारलं, "ताई, कशाला हवंय हे एवढं धूड?" मी म्हटलं, "घरचा धंदा आहे." ते हसले. मला मात्र तिथेच उभ्या उभ्या तुमची इतकी आठवण आली, की सही कुठे करायची ते दोनदा विचारावं लागलं.

उद्या पहिली खेप. भिवंडीच्या गोडाऊनवरून माल भरून शीळफाट्यामार्गे पनवेल. हे पत्र टाकायचं तरी कुठे, म्हणून पाकीट आणलंच नाही. आईला आणि पोरीला सांगितलंय, मला काही वाटत नाही. खरं तर भीती वाटतेय, पप्पा. निघताना तुम्ही नुसतं "जा" म्हणाला असतात, तरी चाललं असतं.